भोपळ्याचं पीक आणि प्लॉटची मोजणी

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पाड्याच्या गटाने सांगितलेलं. बोललो तसंच लिहून काढलं आहे. जिथं सगळ्या जणी एकदम बोलल्या तिथं एकीचंच ठेवलं आहे.)



सकाळी कायद्यावर बोलणं झालं. कलमं झाली, दाव्याचे कागद झाले. आता भोपळ्यावर बोलायला आम्ही उभ्या राहिलो तेव्हा मागच्या रांगेत हसू झालं, ते आम्ही ऐकलं. हसा. आमच्या पाड्यातही पहिल्या वर्षी सगळे हसलेच होते. पण कायदा आणि भोपळा आमच्याकडे एकाच उतारावर आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच सांगावं लागतं.

आमचा पाडा सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला, ठाण्या-नाशिकच्या हद्दीजवळ. गटात नऊ घरं. खाली ओहोळाच्या काठाला थोडी भाताची खाचरं, वर उताराचं वरकस. वरकसावर नागली, वरई, उडीद, खुरासणी फिरवून घ्यायची आणि तुकडा दमला की दोन-तीन वर्षं पडीक सोडायचा, ही आजोबा-पणजोबापासूनची रीत. फॉरेस्टच्या कागदावर हाच उतार जंगल आहे. आमचे दावे याच जमिनीचे.

पाऊस आमच्याकडे पुष्कळ, पण दिवाळीनंतर ओहोळ आटतो. विहीर नाही, दुसरं पीक नाही. मग वीटभट्टी. भट्टीवर कोणी हौसेनं जात नाही. भट्टीचा माणूस श्रावण-भाद्रपदात पाड्यात येतो, घरातली कणगी रिकामी असते तेव्हाच येतो, आणि उचल देऊन जातो. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर पोरांसकट ट्रकमध्ये बसायचं, ते थेट पावसाच्या तोंडाला परत. मधल्या सहा महिन्यांत पाड्यात म्हातारी माणसं आणि कुत्री. आणि स्थळपाहणीला, मोजणीला माणसं येतात ती नेमकी याच सहा महिन्यांत. प्लॉटवर कोणी नाही, घराला कडी. मग लिहून जातात, "जागेवर कब्जेदार आढळला नाही."

म्हणून आमच्या गटात पहिल्यांदा प्रश्न निघाला तो भोपळ्याचा नव्हताच. प्रश्न असा होता की भाद्रपदात घरात हजार-दोन हजार रुपये कुठून येतील, म्हणजे उचल नको म्हणता येईल. भात-नागली तयार व्हायला अजून वेळ असतो. भेंडी, कारली केली तर ती रोज तोडायला हवीत आणि रोज बाजारात पोचायला हवीत. आमचा रस्ता पावसात दोन-दोन दिवस बंद असतो. भेंडी थांबत नाही. भोपळा थांबतो. रस्ता बंद असेल तर तो घरात बसून राहतो. आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "मोठा जावई आणि पिकला भोपळा, दोघांना घाई नसते." तिथून हे सुरू झालं.

आता कोणता भोपळा ते सांगतो, कारण तुम्ही वेगवेगळ्या भागांतून आला आहात. आम्ही बोलतो आहोत तो लाल भोपळा. कोणी डांगर म्हणतं, विदर्भातले साथी कोहळं म्हणतात, बाजारात काशीफळ किंवा गंगाफळही म्हणतात. ज्याचा तारपा होतो, ज्याचा पाण्याचा तुंबा होतो, तो दुध्या वेगळा. आमच्याकडे डांगराचे वेल पूर्वीपासून होते. घराच्या मागे उकिरड्यावर एक, झोपडीच्या छपरावर एक. ते घरच्यासाठी. कोवळी पानं आणि फुलं भाजीला, फळ दिवाळीपर्यंत आढ्याखाली. विकायचं कोणाच्या मनात नव्हतं. पाहुण्याला द्यायची वस्तू, ती काय विकायची?

पहिल्या वर्षी आम्ही शेतात काही फार केलं नाही. वरकसाच्या दगडी बांधाला लागून, जिथं नागलीचं रोप लागत नाही तिथं, दोन-दोन पावलांवर खड्डे घेतले, शेणखत आणि राबाची राख टाकली, आणि घरच्या बिया लावल्या. वेल बांधावर चढले. झाड एकही तोडलं नाही, नागलीची एक ओळ कमी केली नाही. फळं चांगली आली. आणि इथंच आम्ही फसलो.

गौरीच्या आधी एक व्यापारी मोटारसायकलवर आला. वेल उभे होते, फळं अजून हिरवी होती. म्हणाला, नगाला पंधरा रुपये, लहान-मोठा सगळा एकच भाव, पैसे आत्ता हातात. आम्ही घेतले. घरात मीठ नव्हतं, घेणार नाही तर काय करणार? पंधरा दिवसांनी तो टेम्पो घेऊन आला आणि मोठे मोठे वेचून नेले. एका घरचा एक भोपळा आम्ही नंतर शाळेच्या काट्यावर घालून पाहिला, सहा किलो भरला. सहा किलोला पंधरा रुपये. मग रात्री बसून बोललो तेव्हा मोठी माणसं म्हणाली, अरे ही तर पालेमोड. धान्य उभं असताना सावकार पैसे द्यायचा आणि सुगीला दुपटीनं-तिपटीनं माल उचलायचा, तीच गोष्ट. ती बंद करायला 1976 साली कायदा झाला, त्यानंतर खावटी कर्जाची योजना आली. ते सगळं भातासाठी, नागलीसाठी आपण ऐकलेलं होतं. भोपळ्याला कोणी पालेमोड म्हणेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ठरवलं की उभ्या वेलावर सौदा नाही आणि नगावर सौदा नाही. वर्गणी काढून शिक्का मारलेला तराजू घेतला. तो व्यापारी आला, काटा बघितला, चहा प्याला आणि निघून गेला. परत आला नाही. त्या वर्षी आठवड्याच्या बाजारात डोक्यावर नेऊन जेवढं खपलं तेवढं विकलं, बाकी खाल्लं आणि नातेवाइकांना वाटलं. नऊपैकी चार घरांनी शेवटी उचल घेतली. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल तराजू आणला आणि सगळं मिटलं.

तिसऱ्या वर्षी पिकअप भाड्यानं करून शहराच्या मार्केटात गेलो. त्याचा हिशोब आम्ही वहीत लिहून ठेवला आहे तो जसाच्या तसा वाचतो. 318 नग, आमच्या काट्यावर 1,340 किलो. त्यातले 41 नग आडत्यानं बाजूला काढले, काही कोवळे, काही देठ मोडलेले, काही दबून फुटलेले. राहिलेला माल त्याच्या काट्यावर 1,128 किलो भरला, म्हणजे आमच्या हिशोबापेक्षा चाळीस किलो कमी. भाव सात रुपये किलो. झाले 7,896. त्यातून आडत 632, हमाली-तोलाई 210, गाडीभाडं 2,800. हातात राहिले 4,254. आता हे 318 नगांवर वाटा. नगाला साडेतेरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. मोटारसायकलवाला घरबसल्या पंधरा देत होता!

येताना गाडीत कोणी बोललं नाही. एकीला उलट्या होत होत्या, घाट होता, आणि वरून हे.

दुसऱ्या दिवशी वही उघडून बसलो. भांडण झालं. पण भांडणातून चार गोष्टी बाहेर आल्या, आणि आज तुमच्यापुढे बोलण्यासारखं आमच्याकडे काही असेल तर त्याच.

पहिली, दिवस चुकला. आम्ही गेलो सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. पितरांची आपली रीत वेगळी आहे, शहरातले लोक पितर घालतात भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात, आणि त्या जेवणाला भोपळ्याची भाजी लागते. गवार, भेंडी, कारली, भोपळा, सगळ्यांचे भाव त्या पंधरा दिवसांत चढतात. अमावास्येला संपलं की उतरतात. मग नवरात्रात उपासाला लाल भोपळा चालतो म्हणून पुन्हा थोडी मागणी येते, घारग्यांना लागतो, पण तोवर सगळीकडचा माल येऊन पडतो. म्हणजे आपला माल पंधरवड्याच्या सुरुवातीला पोचला पाहिजे. आता आम्ही कालनिर्णय घेतो आणि वैशाखातच भाद्रपदाचं पान उघडून बघतो. अधिक महिना आधी पडला तर पितर पंधरा-वीस दिवस उशिरा येतात, नाहीतर सप्टेंबरातच. त्यावर लावणी ठरते.

कारण भोपळ्याला बी पडल्यापासून फळ पक्कं व्हायला चार महिन्यांच्या आसपास लागतात. जूनच्या पावसावर बी टाकलं तर फळ ऑक्टोबरात. पितर निघून गेलेले असतात. मग यावर उपाय केला तो असा. मे महिन्याच्या मध्यावर पळसाच्या पानांचे खोल द्रोण लावतो, त्यात माती आणि चाळलेलं शेणखत भरून एक-एक बी टाकतो. ओटीवर, पडवीत, भांडी घासलेलं पाणी घालून रोप वाढवायचं. एवढंसं पाणी कुठल्याही घरात असतं. पाऊस धरला की द्रोणासकट रोप आळ्यात ठेवायचं. द्रोण सोडवायचा नाही, भोपळ्याच्या मुळाला हात लागलेला चालत नाही, रोप रुसतं. पान मातीत कुजून जातं. यानं पंधरा-वीस दिवस मिळाले. कृषी खात्याचे एक साहेब पाहून गेले, प्लास्टिकच्या पिशव्या का नाही वापरत म्हणाले. आम्ही म्हटलं, पळस फुकट आहे.

दुसरी गोष्ट, कोवळा माल. फळ मोठं झालं म्हणजे पिकलं असं नाही. देठ वाळून लाकडासारखा झाला पाहिजे, सालीला नख मारलं तर रुतायला नको, वरची चमक गेली पाहिजे, आणि जमिनीला टेकलेली बाजू पिवळी झाली पाहिजे. चारी खुणा बघायच्या. घाई झाली की माणूस दोनच बघतो.

तिसरी गोष्ट देठाची. आम्ही सगळे भोपळा देठाला धरून उचलत होतो, पोरं तर देठाला धरून फिरवत होती. देठ मोडला की तिथून पाणी शिरतं आणि फळ आतून सडतं, वरून कळत नाही. आता विळ्यानं दोन-तीन बोटं देठ ठेवून कापतो आणि पोटाखाली हात घालून उचलतो, तान्ह्या पोराला घेतल्यासारखं. कापल्यावर आठ-दहा दिवस सावलीत, वारा लागेल असं, गवतावर एकेकटं मांडून ठेवायचं. साल टणक होते. असा राखलेला भोपळा तीन-चार महिने सहज टिकतो. काही आम्ही भोगीच्या भाजीसाठी पौषापर्यंत ठेवले होते, तेही विकले गेले. गाडीत भरताना खाली आणि थरांच्या मधे पेंढा. पहिल्या वेळी आम्ही दगड भरावेत तसे भरले होते.

चौथी गोष्ट काट्याची. मार्केटात जाताना आता तिघी जणी जातो, एकटा पुरुष नाही. एक काट्यापाशी उभी राहते, एक लिहिते, एक माल सांभाळते. प्रत्येक वजन मोठ्यानं बोलायचं. आणि पट्टी घेतल्याशिवाय निघायचं नाही. पट्टीवर नाव, गाव, वजन, भाव, कपात सगळं लिहून घ्यायचं. कच्च्या चिठ्ठीवर हिशोब करून देतो म्हणाले तर तिथंच बसून राहायचं. बायका बसून राहिल्या की लवकर लिहून मिळतं, हे आम्ही तहसीलवरच्या मोर्च्यात शिकलो होतो.

चौथ्या वर्षीचा हिशोब वाचतो. पितर लागायच्या आदल्या दिवशी गेलो. 284 नग, 1,180 किलो, भाव बारा रुपये. झाले 14,160. आडत 1,133, हमाली 220, भाडं 3,000. हातात 9,807. नगाला साडेचौतीस रुपये. त्या वर्षी भट्टीची उचल एकाच घरानं घेतली, तीही दवाखान्यासाठी. बाकी आठ घरं दिवाळीनंतर पाड्यातच होती.

हे ऐकून कोणी उठून सगळं वरकस भोपळ्याखाली आणेल, म्हणून मधेच थांबवून सांगतो. आमच्याकडे एकानं तेच केलं. नागली-वरई बंद करून सगळ्या प्लॉटवर भोपळा, तेही दुकानातून आणलेलं एकसारखं बी. त्या वर्षी जुलैत झड लागली ती सोळा-सतरा दिवस उघडली नाही. वेलाला आधी नर फुलं येतात, मागून मादी, ज्याच्या बुडाशी बोराएवढं फळ असतं ती मादी. माशीनं नराचा पराग मादीवर नेला तर फळ धरतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. एवढ्या पावसात माशी उडत नाही. सगळं गळलं. ज्यांच्याकडे घरचं मिसळलेलं बी होतं, कुठलं लवकर फुलणारं कुठलं उशिरा, त्यांचं अर्धं तरी वाचलं. त्या घरात दिवाळीला भोपळा नव्हता आणि नागलीही नव्हती. आधी धान्य. भोपळा बांधाला आणि पडीक तुकड्याच्या कडेला. ओळी वाढवायच्या असतील तर दोन. आमच्या गटात हा नियम आहे आणि त्यावर अजूनही वाद होतो, तरुण पोरांना तो पटत नाही.

पावसाची उघडीप मिळाली तर हातानंही फळ धरवता येतं. सकाळी फूल उघडतं आणि उन्हं वर आली की मिटतं, म्हणून सकाळी लवकर जायचं. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या आत हळू फिरवायचा. पोरींना हे काम फार आवडतं, "लग्न लावायला जातो" म्हणतात.

किडीचं थोडक्यात. रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी दवात चुलीची राख टाकायची. पुढे फळमाशी. कोवळ्या फळाला टोचते, आत अळ्या होतात. तसं फळ दिसलं की तोडून खोल पुरायचं, उकिरड्यावर टाकायचं नाही, नाहीतर माशी आपणच पाळतो. धरलेल्या फळाला वरून वाळकं गवत झाकतो, खाली चपटा दगड किंवा पेंढा देतो. आणि रानडुक्कर, साळिंदर. साळिंदराला भोपळा फार आवडतो. माळा बांधून रात्री जागतो, दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही. एकदा एका रात्रीत दोन घरांचे वेल गेले. पंचनामा करा म्हणून गेलो तर सांगितलं, तुमच्याकडे पट्टा नाही, नुकसान कोणाचं लिहायचं? साळिंदरानं पट्टा विचारला नव्हता.

आता मोजणीवर येतो.

आमच्या एका घरानं दावा केला होता दोन एकर दहा गुंठ्यांचा. ग्रामसभेनं ठराव करून तेवढाच मान्य केला. नंतर वरून मोजायला माणसं आली, हातात यंत्र. भाद्रपदाचे दिवस, वेल ऐन भरात, पानं गुडघाभर. ते खाचराच्या बांधानं फिरले, नागलीच्या तुकड्याला वळसा घातला, आणि भोपळ्याच्या उताराला पाय लावला नाही. म्हणाले, ही झाडी आहे, हे जंगलच. घरची बाई म्हणाली, झाडी नाही, भोपळा आहे. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "वेल काय कुठंही उगवतात. वेल म्हणजे शेती नव्हे." यंत्रानं काढलेलं क्षेत्र आलं सव्वीस गुंठे. बाईनं त्यांना जाताना चहा दिला होता, याचा तिला अजून राग येतो.

सव्वीस गुंठ्यांचा कागद आला तेव्हा आम्ही तो देव्हाऱ्यात ठेवला नाही, शिबिरात आणला. मागच्या वर्षीच्या त्या शिबिरात ज्या गोष्टी कळल्या त्या सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांचं असंच झालं असणार. 2006 च्या वनहक्क कायद्यात जमीन मिळते ती प्रत्यक्ष ताब्यातली, जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि आदिवासीचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर जिल्हा समितीकडे 60 दिवसांच्या आत अर्ज करायचा. निर्णयाची तारीख आणि तो तुमच्या हातात पडल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा. दिवस कधी संपले ते कळत नाही.

आम्हाला आधी वाटलं होतं की मार्केटच्या पट्ट्या लावल्या की झालं. तसं नाही. पट्टी आहे गेल्या तीन-चार वर्षांची, 2005 च्या आधीचा ताबा तिनं सिद्ध होत नाही. त्या उतारावर आज पीक आहे, ते विकलं गेलं, तिथं जंगल नाही, एवढंच ती सांगते, आणि तेवढ्यासाठी आम्ही ती जोडलीच. पण आधीच्या ताब्यासाठी दुसरं पाहिजे. नियमांत लिहिलं आहे की जमिनीवर केलेली कायमची कामं, सपाटी, बांध, हा पुरावा धरायचा, आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा. आता बघा. भोपळा आम्ही लावला कुठं? दगडी बांधाला लागून. तो बांध आजोबांच्या वेळचा. दगडांवर शेवाळ, मधे मोहाचं झाड उगवून म्हातारं झालेलं. म्हणजे पुरावा तिथंच पडला होता आणि आम्हीच तो पानांनी झाकला होता.

तेव्हापासून आमच्या गटात मोजणीच्या वेळची कामं ठरलेली आहेत. बांधाच्या दोन्ही टोकांना आणि मधे वेल कापून नाही, उचलून बाजूला करतो, दगड दिसला पाहिजे. वेल उचलला तर फळाला धक्का बसतो, म्हणून फळ नसलेलाच उचलायचा. वनहक्क समितीचे सदस्य, शेजारचे दावेदार आणि दोन म्हातारी माणसं पुढे चालतात, यंत्रवाला मागे. त्यानं हद्द ठरवायची नाही, आपण दाखवायची. चारी कोपऱ्यांवर उभं राहून विचारायचं, "हा कोपरा घेतला का?" आणि सही करायच्या आधी पंचनामा मोठ्यानं वाचून घ्यायचा. नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं. पट्टा दोघांच्या नावानं होतो, मग मोजणीला एकटा पुरुष का? आमच्याकडे जिथं बाई हजर होती तिथं उताराचा तुकडा सुटला नाही, कारण तिथं काय लावलं आहे ते तिला माहीत.

नाक्याचं एक राहिलं. पिकअप नाक्यावर अडवली होती. वनोपज आहे, पास दाखवा म्हणे. आम्ही म्हटलं, डांगर आहे, भाजी आहे, भाजीला कसला पास? मग म्हणे, चार ठेवून जा. गाडीवाला घाबरून काढायला लागला. आम्ही उतरून गाडीपुढे उभ्या राहिलो, कोणत्या कलमाखाली चार ठेवायचे ते लिहून द्या म्हटलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. लिहून दिलं नाही, गाडी सोडली. त्यानंतर ग्रामसभेचा ठराव गाडीत ठेवतो, कोणाकोणाचा किती माल ते त्यावर लिहिलेलं असतं. यंदा अडवलं नाही.

बियाणं आम्ही आणलं आहे. मागे घोंगडीवर सुक्या तुंब्यात आहे, राखेत घोळलेलं. ज्या वेलाला पाऊस सोसून तीन-चार फळं धरली त्याच वेलाचं घेतलं आहे, सगळ्यात मोठ्या फळाचं नाही. एका घराला दहा बिया, जास्त मागू नका, नऊ घरांचं मिळून एवढंच आहे. दिवाळीनंतर प्रत्येकानं वीस परत आणून द्यायच्या, पुढच्या शिबिरात दुसऱ्यांना देता येतील. आपल्या भागात कमी पाऊस असेल, धुळे-नंदुरबारकडचे साथी आले आहेत, त्यांनी आमचं सगळं तसंच करू नये. तिकडं आळं खोल घ्यावं लागेल, आमच्याकडे मात्र पाणी साचू नये म्हणून ढिगाऱ्यावर लावतो. तुमचं कसं झालं ते लिहून कळवा, बुलेटिनात छापू.

आणि त्या सव्वीस गुंठ्यांच्या घराचा अर्ज 60 दिवसांत दिला आहे, पोच घेतली आहे. फेरमोजणी मागितली आहे. तारीख विचारली तेव्हा आम्ही माघातली द्या म्हटलं. तेव्हा वेल वाळलेले असतात, बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा दिसतो, आणि यंदा घर भट्टीवर गेलेलं नाही.